खांद्यावरची चुणी

९ जून २००३

दूध संघाची डायरी दर वर्षी घरी येते आणि कोरीच राहते. या वर्षी स्वप्नालीने सांगितलं म्हणून लिहायला घेतली. स्वप्नाली ही माझ्या दिरांची मुलगी. राजारामपुरीत कॉम्प्युटरच्या क्लासवर शिकवते. म्हणाली, "काकी, रोज शिकलीस ते लिहून ठेव, नाहीतर पुन्हा पुन्हा विचारशील आणि मी ओरडेन." शेहेचाळिसाव्या वर्षी मी तिची विद्यार्थिनी झाले आहे. क्लासमधली मुलं माझ्यासाठी पंख्याखालची खुर्ची सोडतात.

आज शिकलेलं : फोटोवर थेट काम करायचं नाही. त्याच्यावर एक लेअर घ्यायचा, म्हणजे काचेसारखा थर, आणि जे काही करायचं ते त्या थरावर. खालचा मूळ फोटो जसाच्या तसा राहतो. प्रत्येक थराच्या नावाशेजारी एक डोळा काढलेला असतो. डोळ्यावर टिचकी मारली की तो थर दिसेनासा होतो. पुन्हा मारली की परत येतो.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "मग कामाची भीती कुणाला वाटायची?"

१५ जून

ह्यांची सगळी उमर निगेटिव्हवर टचिंग करण्यात गेली. उजेडाच्या काचेवर निगेटिव्ह ठेवायची, अणकुचीदार पेन्सिलीने सुरकुत्या भरायच्या, नको ते ब्लेडच्या टोकाने खरवडायचं. खरवडलेलं परत येत नाही. त्यामुळे हे आधी नुसते बघत बसायचे. गिऱ्हाईक वैतागायचं. "हंबीरराव, झोपलाय काय?" हे म्हणायचे, "जागाच हाय. झोपल्यावर ब्लेड चालवू काय?"

आता हात थरथरतो आणि खोकला सुरू झाला की ब्लेड कुठे जाईल सांगता येत नाही. म्हणून कॉम्प्युटर घेतला आणि म्हणून मी शिकते आहे. लग्नाची कामं व्हिडिओवाल्या पोरांकडे गेली. आमच्या स्टुडिओकडे राहिले ते भिंतीवरचे फोटो. माणूस गेलं की शिवाजी पेठेतले लोक कुठल्यातरी लग्नातला घोळक्याचा फोटो घेऊन येतात. त्यातून त्याला एकट्याला बाहेर काढायचं, मळका सदरा असेल तर कोट घालायचा, आणि रक्षाविसर्जनाच्या आत मोठा करून द्यायचा. कोट ह्यांनी पूर्वी ब्रशने रंगवलेला. मी तोच स्कॅन करून ठेवला आहे. सगळ्यांना बसतो.

४ जुलै

आज फजिती झाली.

हातकणंगल्याचे श्रीशैल परवा वडिलांचा फोटो देऊन गेले होते. भीमाप्पा त्यांचं नाव. एकुलता एक फोटो, घडी पडलेला, डाग पडलेले. मी दोन दिवस बसून सगळं साफ केलं. कपाळावर तीन आडवे पांढरे ओरखडे होते, तेही काढले. चेहरा नितळ झाला. माझं मलाच कौतुक वाटलं.

आज श्रीशैल आईला घेऊन आले. गंगव्वांनी फोटो डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला.

"ह्यो कोण?"

"अव्वा, आप्पा की."

"आप्पा? ईभूत न लावता त्यानं कधी पानी तोंडाला लावलं न्हाई. ह्यो कुनीतरी पावना हाय."

मग माझ्या लक्षात आलं. ओरखडे नव्हते ते. तीन बोटांनी ओढलेलं भस्म होतं. पेठेत जन्म काढून, आजूबाजूला लिंगायतांची एवढी घरं असून, मला ते ओरखडे वाटले. कारण मी फोटोत माणूस बघत नव्हते, डाग बघत होते.

हे खोकत बाहेर आले. "बसा पावणं, चा घ्या," म्हणाले आणि माझ्या कानाशी येऊन हळूच विचारलं, "गेलं का?"

ब्लेडचं काम असतं तर गेलंच असतं. मी साफसफाईच्या थराचा डोळा बंद केला. घडी परत आली, डाग परत आले, भस्मही परत आलं. मग डोळा उघडून त्या थराला फक्त कपाळापुरती एक खिडकी पाडली. ह्याला मास्क म्हणतात. खिडकीतून खालचं कपाळ दिसायला लागलं.

गंगव्वा पडद्याजवळ आल्या. "आला बग," म्हणाल्या. श्रीशैलना म्हणाल्या, "तू बी ओळखलं न्हाईस बापाला. कोट बघून भुललास."

ते गेल्यावर हे बराच वेळ त्या पडद्यासमोर बसले. मला म्हणाले, "खालचं खरंच जाग्यावर ऱ्हातंय की गं."

आजपासून दोन नियम केले. प्रत्येक कामाला वेगळा थर आणि त्याला नाव. आणि प्रिंटसाठी लॅबला देण्याआधी सगळे डोळे दोनदा तपासायचे, पडद्यावर बोट ठेवून.

१९ जुलै

मिरजेला मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. ह्यांना बाहेर बसवून डॉक्टर माझ्याशी बोलले. भला माणूस. म्हणाले, पथ्य वगैरे काही नको, ह्यांना आवडेल ते खायला घाला. दिवाळीपर्यंत बघू. मी विचारलं, दिवाळीनंतर किती तारखेला येऊ? त्यांनी थोडा वेळ कागद चाळले आणि म्हणाले, "तेव्हा फोन करा." पथ्य नाही म्हटल्यावर मला बरं वाटलं. कॅलेंडरवर भाऊबीजेच्या पुढच्या चौकोनात 'मिरज' असं लिहून ठेवलं.

येताना एसटीत हे खिडकीतून बाहेर बघत होते. घरी आल्यावर म्हणाले, तांबडा रस्सा कर. केला. दोन चमचे घेतले.

२७ जुलै

"माझा फोटो करून ठेव," हे म्हणाले.

मी तांदूळ निवडत होते. मला वाटलं, आयकार्डाचा. म्हटलं, कशाला हवाय?

"भिंतीवर लावाय."

"अहो, काहीतरी काय बोलता."

"धंद्याचं बोलतोय. एवढ्या लोकांचे केले, माझा कसा झालाय ते मला बघाय मिळायचं न्हाय, ह्यो कुठला न्याय? तू ऐनवेळी गडबडीत कायतरी करशील. मी पास करतो आणि मग जातो."

पास म्हणजे ह्यांची पद्धत. प्रत्येक प्रिंट खिडकीशी नेऊन भिंगातून बघायची, आणि पसंत पडली की मागे पेन्सिलीने 'पास' लिहायचं. ते लिहिल्याशिवाय आमच्या दुकानातून फोटो बाहेर जात नाही.

"आणि त्यो कोट घालू नको मला," हे म्हणाले. "अर्धी पेठ त्या कोटात लटकलीया. वर गेल्यावर समदी म्हनतील, आला बघा कोटाचा मालक."

मला हसू आलं. ह्यांनाही आलं, मग खोकला आला.

डॉक्टर दिवाळीपर्यंत बघू म्हणाले आहेत, एवढी घाई कशाला, असं मी म्हटलं. हे माझ्याकडे बघत राहिले. निगेटिव्हकडे बघायचे तसे.

३ ऑगस्ट

ह्यांचा फोटोच नाही. चार ट्रंका उपसल्या. माझे आहेत, दिरांचे आहेत, पेठेतल्या फुटबॉलच्या संघांचे आहेत, लोकांच्या बारशांपासून बाराव्यापर्यंतचे आहेत. हे सगळीकडे कॅमेऱ्याच्या मागे. लग्नातसुद्धा वरमाला झाल्यावर खाली उतरून ह्यांनी मित्राच्या हातातला कॅमेरा घेतला होता, त्याला फोकस येत नव्हता म्हणून.

आत्ता एक काढते म्हटलं तर नको म्हणाले. "आता काय काढतीस? गालफडं?"

शेवटी पन्हाळ्याचा सापडला. स्वप्नालीचा जन्म झाला त्या सुमाराचा असेल. तटावर बसून काढलेला. कॅमेरा दगडावर ठेवून ह्यांनी टायमर लावला आणि पळत येऊन माझ्या शेजारी बसले. बसताना पाय घसरला. मागे खोल दरी. मी खांदा गच्च धरला आणि त्याच वेळी फोटो निघाला. हे अर्धवट हसताहेत. मी कॅमेऱ्याकडे बघतच नाही, ह्यांच्याकडे बघते आहे.

दुसरा नाहीच. हाच घ्यायला हवा.

१० ऑगस्ट

स्कॅन केला. थरांची नावं लिहिते : 'मूळ'. 'आभाळ'. 'डाग'. 'मी'.

जिवंत माणसाचा फोटो हाराखाली जाता कामा नये. त्यामुळे मला काढायला हवं; मला झाकणारा थर तो 'मी'. पदर, वेणी, हे सोपं गेलं. मागे आभाळच आहे. हात अवघड. हात ह्यांच्या खांद्यावर आहे, आणि खाली सदरा कसा होता ते फोटोत कुठेच नाही. दुसऱ्या खांद्याचं कापड उचलून, उलटं करून ह्या बाजूला बसवलं. संध्याकाळपर्यंत हात गेला.

मग एकदा 'मी'चा डोळा बंद करून बघितला. परत आले. पुन्हा उघडला. गेले. असं थोडा वेळ केलं. मशीन नीट चालतं का ते बघत होते.

२४ ऑगस्ट

आठवडाभर वीज धड नव्हती. काम झालं नाही. वीज होती तेव्हा हसू जास्त वाटतं का ते बघत होते. भिंतीवरच्या फोटोत माणूस फार हसरा नसावा. भेटायला येणाऱ्याला कसंतरी होतं. 'हसू' नावाचा थर घेऊन ओठाचं टोक जरा खाली आणलं. ते वाईट दिसलं. काढलं. पुन्हा थोडं आणलं. पुन्हा काढलं. ह्या पद्धतीत हा एक दोष आहे, काम कधी संपत नाही. ब्लेडने खरवडलेलं संपायचं.

हे विचारतात, "झालं का?" मी म्हणते, व्हायचंय.

७ सप्टेंबर

स्वप्नाली रागावली. "काकी, आमच्या क्लासच्या पोरी असला फोटो एका दिवसात करतात. काका रोज विचारताहेत." म्हणून आज राजारामपुरीतल्या लॅबमधून प्रिंट आणली.

ह्यांना खिडकीशी बसवलं. पाठीला उशी, हातात भिंग. भिंग हलत होतं म्हणून मी मनगट धरलं. डोळे बघितले, हसू बघितलं. "हसू ऱ्हाऊ दे." मग भिंग खांद्यावर थांबलं.

"हितं बोटं हायत तुझी."

"बोटं काढली की."

"बोटं गेली. दाब ऱ्हायला. ही बघ, चार चुण्या. कापडावर जोर पडल्याशिवाय अशी चुणी पडत न्हाय. बघणारा विचारंल, ह्याला कुणी धरून ठेवला हुता?"

मी नीट बघितलं. खरंच होतं. कापड बसवताना गळ्याकडची कड जुनीच राहिली होती आणि तिच्यात माझ्या बोटांचा जोर राहून गेला होता. भिंगाशिवाय आधी दिसत नव्हता. आता भिंगाशिवायही दिसतो.

"बारीक आहे हो. कोण बघतंय?"

"मी बघतोय की. हंबीररावच्या बायकोला टचिंग येत न्हाय म्हनतील." प्रिंट परत दिली. "नापास."

२१ सप्टेंबर

चुणीचं काम चालू आहे. पुष्कळ आहे.

हे आता अंथरुणातच असतात. आवाज बारीक झाला आहे. दुकानात कुणी आलं की आतून काहीतरी सांगतात आणि मला बाहेर येऊन ते मोठ्याने सांगावं लागतं. आज मटणवाले गुंडू त्यांच्या आईचा फोटो घेऊन आले होते. हे आतून म्हणाले, गुंडूला सांग, आईला कोट घालत न्हाय आमी, घाबरू नको. गुंडू हसले, मग डोळे पुसत आत जाऊन ह्यांच्या पायाशी बसले.

आज चुणीचं काम केलं नाही.

२८ सप्टेंबर

ह्यांनी सकाळी हाक मारून सांगितलं, "आज दे. उद्या भिंग धरवायचं न्हाय."

बसले आणि केलं. 'चुणी' नावाचा नवा थर घेतला आणि चारही रेषांवरून नितळ कापड फिरवलं. खरं तर तासाभराचं काम होतं. डोळे दोनदा तपासले, दुपारी लॅबमधून प्रिंट आणली.

ह्यांनी बघितली. ब्लेड धरायच्या आधी बघायचे तेवढा वेळ. मग उलटी केली आणि पेन्सिल मागितली. 'पास'. अक्षर तिरकं आलं. स्वतःच म्हणाले, "मास्तर मारंल."

मग म्हणाले, "आता तू कुठं हाईस?"

"खाली आहे. वरून थर घातलाय."

"उघड बघू."

कॉम्प्युटर पलंगावरून दिसत नाही. टेबल ओढून दाराशी आणलं. 'चुणी'चा डोळा बंद केला, मग 'मी'चा. पन्हाळा आला, माझा पदर आला, हात आला. हे बघत राहिले.

"धरलं नसतंस तर तवाच गेलो असतो की दरीत."

"म्हणून तर धरलं."

"लई जोरात धरलं हुतंस. रात्री खांदा दुखत हुता. तुला सांगितलं न्हाय."

मला हे माहीत नव्हतं.

"बरं," हे म्हणाले, "झाक आता. आणि पास केलेलाच लाव. दुसरं कायतरी लावशील."

मी सगळे डोळे होते तसे केले.

१४ ऑक्टोबर

डॉक्टरांना फोन करून विचारलं, दिवाळीऐवजी आत्ताच आणू का. ते म्हणाले, प्रवास नको, घरीच राहू द्या. घरी बरं वाटेल. मला पटलं. एसटीचे धक्के ह्यांना सोसायचे नाहीत. कॅलेंडरवरचं तसंच ठेवलं आहे.

९ नोव्हेंबर

मधली पानं कोरी राहिली.

हे दिवाळीच्या तोंडावर गेले. पहाटे, पणत्या अजून धुवून पालथ्या घातलेल्या होत्या. पेठेतली माणसं आली, सगळं झालं. मी काय काय केलं ते मला नीट आठवत नाही, एक सोडून. दुसऱ्या दिवशी दुकान उघडून कॉम्प्युटर लावला. 'पास' केलेली प्रिंट लहान होती, भिंतीसाठी मोठी हवी होती. फाइल सीडीवर घेतली आणि स्वप्नालीबरोबर लॅबला पाठवली.

रक्षाविसर्जनाला फोटो पाटावर ठेवला, हार घातला. लोक म्हणाले, अगदी जिवंत वाटताहेत. घरी आल्यावर स्वप्नाली फोटोजवळ उभी राहिली. हळू म्हणाली, "काकी, हा पास केलेला नाही. ह्यात चुण्या आहेत."

बघितलं तर खरंच. 'चुणी'च्या थराचा डोळा बंद राहिला होता. कसा राहिला कळत नाही. मी दोनदा तपासले होते, बोट ठेवून.

"दुसरा आणते उद्या," ती म्हणाली.

म्हटलं, "आता हार चढलाय. सवडीने बदलू."

८ डिसेंबर

दुकान सुरू केलं. येणारे आधी आत जाऊन ह्यांच्या फोटोला हात जोडतात आणि मग आपल्या माणसाचा फोटो पिशवीतून काढतात.

लॅबला गेले होते दुसऱ्या कामाने. ह्यांची सीडी न्यायची विसरले.

१८ फेब्रुवारी २००४

कॉम्प्युटर भरला आहे, फार हळू चालतो. स्वप्नाली येऊन बसली. म्हणाली, थर ठेवले की फाइल मोठी होते. ज्यांचं काम देऊन झालंय त्यांचे सगळे थर एकात एक मिसळून टाक. एकदा मिसळले की एकच फोटो उरतो, खालचं काही राहत नाही. दुपारभर तेच केलं. गुंडूंची आई, तालमीतले वस्ताद, एकेक माणूस बंद होत गेलं. भीमाप्पांना मी हात लावला नाही. गंगव्वांना कधी परत लागले तर, म्हणून.

मग स्वप्नालीने ह्यांची फाइल उघडली. "केवढी झालीये ही! काकी, हीपण मिसळू?"

"नको. तिच्यात एक दुरुस्ती बाकी आहे."

"कुठली? चुणी तर काढलेली आहे. हा काय थर. नुसता डोळा उघडायचा."

"मी करते ते."

तिने माझ्याकडे बघितलं आणि माऊस सोडून चहा टाकायला गेली.

ती आत गेल्यावर मी 'मी'चा डोळा बंद केला. पन्हाळ्यावर ऊन होतं. मला कुंकू होतं, ठसठशीत, त्या काळी मी मोठं लावायची. मग उघडला.

११ ऑक्टोबर

वर्षश्राद्धाची तयारी चालू आहे. आज श्रीशैल गंगव्वांना घेऊन आले.

"बाई, माझा बी करून ठेव," गंगव्वा म्हणाल्या. "ईभूत घालून. पोरगं पुन्हा कुनीतरी पावनाच लावंल भिंतीला."

"अव्वा, काय बोलतीस!"

"तू गप."

त्यांना बसवायला आत नेलं. समोर ह्यांचा फोटो. त्या चष्मा सारखा करून बघत राहिल्या.

"हितं कुनाचा हात हुता?"

म्हटलं, "चुणी आहे ती. काढायची राहिली आहे."

"बरं," त्या म्हणाल्या. खुर्चीत बसून पदर सारखा केला, कपाळ वर केलं. "काढ."

मी काढला. चांगला आला.

ते गेल्यावर ह्यांच्या फोटोची काच पुसली. वर्षभराची उदबत्तीची काजळी होती. काच सपाट आहे, तरी फडकं खांद्याशी आलं की मी जरा दाबून पुसते, ही सवय लागली आहे.

लॅबला जायचं राहिलंच. श्राद्धाला माणसं येतील तेव्हा बदललेला हवा होता. पण आता फोटो भिंतीवरून उतरवायचा म्हणजे कुणीतरी खालून नीट धरायला हवा, आणि मी एकटी आहे.